आयर्लंडमध्ये जीपी म्हणून बस्तान बसवताना: जीएमएसचे पैसे कसे येतात, कुठे गळतात

आपले डॉक्टर पूर्वी इथे हॉस्पिटलच्या नोकरीसाठी यायचे. आता जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणूनही येऊ लागलेत, कारण २०२३ पासून युरोपाबाहेरच्या अनुभवी जीपींना दोन वर्षं खेड्यातल्या प्रॅक्टिसमध्ये देखरेखीखाली काम करत इथली परीक्षा देता येते. मेडिकल कौन्सिल, व्हिसा, घर यांची माहिती सगळीकडे मिळते. मी लिहितोय ते पुढच्या टप्प्याबद्दल, म्हणजे स्वतःच्या नावावर जीएमएसचा (कमी उत्पन्नवाल्यांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी योजनेचा) करार येतो तेव्हाबद्दल.

आपल्या डोक्यात सरकारी डॉक्टर म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातला पगारी मेडिकल ऑफिसर, आणि बाकी सगळे खाजगी. इथला जीपी दोन्हींत बसत नाही. जागा, स्टाफ, कॉम्प्युटर, वीजबिल सगळं तुमचं. या योजनेचं मेडिकल कार्ड असलेल्याकडून तपासणीची फी मात्र घ्यायची नाही. त्याचे पैसे एचएसई, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा देते. १९८९ पासून मुख्य हिशेब कॅपिटेशनचा आहे: पेशंट तुमच्या पॅनेलवर (तुमच्याकडे नोंदलेल्या पेशंटच्या यादीत) आहे म्हणून वर्षाची ठरावीक रक्कम, महिन्याच्या हप्त्याने. तो वर्षातून एकदा आला काय आणि दर आठवड्याला आला काय, रक्कम तीच. टाके, ईसीजी, फ्लूची लस यांची फी वेगळी. डायबेटिस, दमा, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार), हृदयविकार यांच्या ठरलेल्या तपासण्यांचेही २०२० पासून वेगळे पैसे मिळतात. या तपासण्या नर्सकडून शिस्तीत करून घ्या.

त्यावर अनुदानं: सेक्रेटरी, नर्स आणि मॅनेजरच्या पगाराला हातभार, रजेत लोकम (बदली डॉक्टर) लावायला पैसे, इन्डेम्निटी विम्याच्या (पेशंटने दावा लावला तर उपयोगी पडणाऱ्या) हप्त्यातला काही परतावा. पेन्शनमध्ये कॅपिटेशनच्या १० टक्के एचएसई घालते, ५ टक्के तुमचे कापले जातात.

हे मागायला आपल्या लोकांना संकोच वाटतो, आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. बायको किंवा नवरा रिसेप्शनला बसतो, डॉक्टर स्वतः रक्त काढतो, रजा कोणी घेतच नाही. अनुदान म्हणजे सरकारची मेहरबानी नाही. कराराने ठरलेला तुमच्या उत्पन्नाचा तो भाग आहे आणि त्यावरच इथल्या प्रॅक्टिस उभ्या आहेत. गावातली अनुभवी सेक्रेटरी रीतसर पगारावर नेमा. कोणत्या घरात कोण आजारी आहे हे तिला तुमच्या आधी कळेल.

आता मुख्य गोष्ट. वरचं जवळजवळ सगळं पॅनेलच्या आकारावर ठरतं, आणि पॅनेल गुपचूप आटतं. मेडिकल कार्ड उत्पन्नावर मिळतं, त्याची मुदत असते, फेरतपासणीचं पत्र पेशंटच्या घरी जातं. म्हातारी माणसं ते पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून देतात. कार्ड बंद होतं आणि त्या माणसाचे पैसे थांबतात, पण तो नेहमीसारखा येत राहतो आणि तुम्ही नेहमीसारखे फुकट तपासत राहता. एका ओळखीच्या जोडप्याने नवीन प्रॅक्टिसमध्ये वर्षभर पीसीआरएसचं (हे पैसे चुकते करणाऱ्या एचएसईच्या विभागाचं) मासिक स्टेटमेंट उघडलंच नाही. कॅपिटेशन गेलं, त्यामागून अनुदानही घटलं, आणि मागचं वसूल करताना नाकी नऊ आले. म्हणून स्टेटमेंट आलं की त्याच आठवड्यात बसा. कोणती नावं गळली ते सेक्रेटरीबरोबर पाहा, त्या घरी फोन करा, फॉर्म भरायला मदत करा. रिसेप्शनवर प्रत्येक भेटीला कार्ड चालू आहे का हे ऑनलाइन तपासायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. हे मी पुन्हा सांगतो: दर महिन्याला, न चुकता.

लहान मुलांचंही तसंच. सहा वर्षांखालच्या मुलांना २०१५ पासून आणि आठ वर्षांखालच्यांना २०२३ पासून जीपीची भेट मोफत आहे, पण आईवडिलांनी नोंदणी केली तरच. बाळ पहिल्यांदा दवाखान्यात येईल तेव्हाच नोंदणीचं विचारा.

मेडिकल कार्डवाल्याच्या निदानासाठी लागणाऱ्या रक्ततपासणीचे पैसे घेऊ नका. शेजारचा डॉक्टर घेतो म्हणून तर मुळीच नाही.

जुने आयरिश जीपी भेटले की २००९ नंतरच्या कपातीबद्दल कडवटपणे बोलतील. त्यांचा राग खरा आहे. त्या वर्षांत फी आणि अनुदानं दोन्ही छाटली गेली, आणि २०१९ च्या करारानंतर ती टप्प्याटप्प्याने परत आली. त्यांचं ऐकून घ्या, पण त्यावरून करार नाकारू नका.

करांबद्दल एवढंच: जीएमएसच्या रकमेतून २० टक्के कर आधीच कापून येतो, खर्च वजा न करता. वर्षाच्या हिशेबात तो धरला जातो, तोवर पगार मात्र उरलेल्यातून द्यायचे असतात. पहिल्या वर्षासाठी बँकेत गंगाजळी ठेवा आणि वैद्यकीय प्रॅक्टिसची माहिती असलेला अकाउंटंट धरा.

खेड्याला घाबरू नका. विरळ वस्तीतल्या प्रॅक्टिसला वेगळा ग्रामीण भत्ता आहे. २०१६ मध्ये तो वर्षाला २०,००० युरो ठरला आणि पुढे वाढला. डब्लिनच्या घरभाड्याशी ताडून पाहा.

भागीदारीचा कागद पुढे आला तर सही करण्याआधी मागच्या बारा महिन्यांची पीसीआरएस स्टेटमेंट मागा. चहापाणी प्रेमाने झालं म्हणून भिडेत पडू नका. इथे ती मागणं कुणालाच वावगं वाटत नाही.