मुलांसोबत आगमनकाळ पाळताना या चुका टाळा

आगमनकाळ मुलांसोबत मनापासून पाळू इच्छिणाऱ्या कॅथलिक घरांत जी गडबड होते, ती बहुधा क्रमाची असते. वसई, उत्तन किंवा मुंबईच्या गावठाणांत नोव्हेंबरच्या अखेरीस दारात तारा लागतो, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाड उभे राहते, गोठ्यात बाळ येशू ठेवून दिवे लावले जातात, आणि २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळकाळ नुकताच सुरू झालेला असताना, आवराआवर होऊन सगळे पुन्हा माळ्यावर जाते. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला सण मिळतो, परंतु सणाची वाट पाहायला मिळत नाही. ख्रिस्तसभेने नाताळच्या आधी चार रविवारांचा स्वतंत्र काळ ठेवला आहे तो नेमका त्यासाठी.

नाताळ १ डिसेंबरलाच सुरू करणे

सर्वांत जास्त घडणारी आणि पुढच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी असलेली चूक हीच आहे. आगमनकाळाची सुरुवात १ डिसेंबरला ठरलेली नसते. ३० नोव्हेंबरच्या संत अंद्रियाच्या सणाला जो रविवार सर्वांत जवळ येतो, त्या दिवशी हा काळ सुरू होतो. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हाही सुरू होऊ शकतो आणि कधी २२, तर कधी २८ दिवस चालतो. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, तर २०२८ मध्ये तो थेट ३ डिसेंबरला येईल. बाजारात मिळणारी, रोज एक खिडकी उघडून चॉकलेट काढायची चोवीस खिडक्यांची कॅलेंडरे हा हिशेब जाणत नाहीत. मोठ्या कागदावर घरीच चौकटी आखून त्या त्या वर्षीचे दिवस मुलांकडून मोजून घेतले, तर तेच कॅलेंडर अधिक खरे ठरते आणि रोज गोड खाण्याची सवयही लागत नाही.

घर सजवायचेच नाही, असा याचा अर्थ नाही. सजावट आठवड्यांवर वाटून द्यावी, एवढेच करायचे आहे. पहिल्या रविवारी केवळ मेणबत्त्यांचे चक्र (दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या) मांडावे, दुसऱ्या आठवड्यात गोठ्याची मोकळी जागा तयार करावी, तिसऱ्या रविवारी दारातला तारा उजळावा, आणि १७ डिसेंबरनंतर बाकीचे हाती घ्यावे. ही तारीख मनाने ठरवलेली नाही. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेतील वाचनांचा भर प्रभूच्या पुनरागमनावर आणि जागे राहण्यावर असतो. १७ पासून २४ पर्यंत ती थेट ख्रिस्तजन्माकडे वळतात.

चर्चमधल्या खुणाही मुलांना दाखवाव्यात. वेदीवरचा आणि धर्मगुरूंच्या वस्त्रांचा जांभळा रंग मुलांच्या लगेच लक्षात येतो, पण या चार रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत गायले जात नाही, हे सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही. बेथलेहेमच्या रानात देवदूतांनी मेंढपाळांना ऐकवलेल्या गीताने ग्लोरियाची सुरुवात होते. ते महिनाभर गप्प का आहे, हे ज्या मुलाला ठाऊक असते, ते नाताळच्या रात्री घंटा वाजू लागल्यावर केवळ जागे राहण्यासाठी धडपडत नाही, तर त्या गीतासाठी कान टवकारते.

शाळेतला नाताळचा कार्यक्रम सुट्ट्यांपूर्वीच उरकला जातो आणि सोसायटीतले दिवेही लवकर लागतात. त्यावर घरात कुरकुर करण्याची गरज नाही. सुट्टी लागण्याआधी सगळ्यांना एकत्र आनंद करायचा असतो म्हणून शाळा आधी साजरा करते, आपण घरी मात्र वाट पाहतो, एवढे उत्तर सहा वर्षांच्या मुलाला पुरते.

पहिल्याच आठवड्यात सगळे उपक्रम हाती घेणे

चक्र, कॅलेंडर, इशायाच्या (दावीद राजाच्या वडिलांच्या) वंशवृक्षाची रोजची चित्रे, रोजचा बायबलपाठ, रोजचे सत्कृत्य असे सारे एकदम सुरू केलेले घर दुसऱ्या आठवड्यात थकते आणि तिसऱ्यात मुलांवर ओरडू लागते. ज्या घरात संध्याकाळची जपमाळ होते, तिथे नवीन वेळ शोधूच नये. जपमाळेआधी दिवा मालवून मेणबत्ती लावावी, त्या रविवारच्या शुभवर्तमानातील दोन-तीन ओळी वाचाव्यात, एक कडवे गावे आणि नेहमीच्या प्रार्थनेला लागावे. चार-पाच वर्षांच्या मुलांना पहिल्या पाच मिनिटांनंतर उठू द्यावे. रविवारची वाचनेच घराला पुरेशी आहेत: पहिल्या रविवारी जागे राहा हा आदेश, मधल्या दोन रविवारी योहान बाप्तिस्ता, आणि चौथ्या रविवारी वर्षानुसार योसेफाचे स्वप्न, गब्रिएल दूताचा निरोप किंवा मरिया-एलिझाबेथची भेट. एखादी संध्याकाळ बुडाली तर ती भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचेच करावे.

मेणबत्त्यांच्या चक्राच्या अडचणी

तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती मिळाली नाही म्हणून चक्रच न मांडणारी घरे आहेत. या प्रथेचा उगम माहीत असला, तर ही चिंता उरत नाही. १८३९ मध्ये हॅम्बुर्गमधील योहान हिनरिक विखर्न या लुथरन पाळकांनी आपल्या आश्रमातील निराधार मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, असे सांगतात. रोज एक लहान तांबडी आणि रविवारी एक मोठी पांढरी पेटवली जाई, म्हणजे नाताळ किती दूर आहे ते मुलांना डोळ्यांनी दिसे. कॅथलिक घरांनी ही रीत नंतर उचलली. म्हणून चार पांढऱ्या मेणबत्त्यांना जांभळ्या व गुलाबी फिती बांधल्या तरी काहीही उणे होत नाही. गुलाबी मात्र तिसऱ्या रविवारची असते, चौथ्या नव्हे. तो आनंदाचा, 'गौदेते' रविवार आहे.

पहिली मेणबत्ती चौथ्या रविवारपर्यंत संपून जाते, ही तक्रार नेहमीची. जाड मेणबत्त्या घ्याव्यात आणि रोज प्रार्थनेपुरत्याच जाळाव्यात. त्यांची उंची कमी-जास्त झाली तरी बदलू नयेत, कारण ती उतरती रांग पाहूनच मुले आठवडे ओळखतात. हिरवळीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. सुरूच्या फांद्या सुंदर दिसतात, परंतु डिसेंबरच्या कोरड्या हवेत त्या लवकर वाळतात आणि ठिणगीने भडकतात. शिवाय किनाऱ्यावरचे सुरू तोडून आणणे योग्य नाही. स्टीलच्या परातीत ओली वाळू भरून मेणबत्त्या तिच्यात घट्ट रोवाव्यात, भोवती आंब्याची किंवा अशोकाची पाने लावावीत आणि ती दर शनिवारी बदलावीत. मेणबत्ती विझवण्याचा मान मुलाला द्यावा. पेटवताना मोठ्या माणसाने हात धरावा.

वडील आखातात किंवा जहाजावर असलेल्या घरांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. कुवेतसारख्या ठिकाणी रविवारची उपासना अनेकांना शुक्रवारीच करावी लागते. वडिलांना सुट्टी असेल त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मेणबत्ती लावली, तरी चालते.

गोठा मोठ्यांनीच उभारणे

धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, गोठ्यांची स्पर्धा असली की घरातला गोठाही नकळत परीक्षकांसाठी होऊ लागतो: थर्माकोलचे डोंगर, मोटारीवर फिरणारे झरे आणि 'हात लावू नकोस' ही आज्ञा. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, हे तर आहेच. त्याहून मोठे नुकसान म्हणजे मूल स्वतःच्या घरातल्या बेथलेहेमात पाहुणे ठरते. १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस असिसीकरांनी गोठा मांडला तेव्हा त्यांना गवत, गव्हाण, बैल आणि गाढव पुरले होते. भाताचा पेंढा, माती, नारळाच्या झावळ्या आणि जुनी खोकी आपल्याकडे कमी नाहीत.

मुलांच्या हाती देण्यासारखे सर्वांत चांगले काम पेरणीचे आहे. पसरट ताटात माती घालून १२ ते १५ डिसेंबरच्या सुमारास गहू, नाचणी किंवा मेथी पेरावी. नाताळपर्यंत गोठ्याभोवती हिरवे शेत उभे राहते. रोप पिवळे पडले तर उजेड कमी आहे, आणि बुरशी आली तर पाणी जास्त झाले आहे असे समजावे. फार आधी पेरले तर ते २४ तारखेला आडवे पडलेले असते, म्हणून थोडे बी मागे ठेवून तीन-चार दिवसांनी दुसरे ताट पेरावे.

मरिया आणि योसेफ यांच्या मूर्ती १७ डिसेंबरपासून घराच्या दूरच्या कोपऱ्यातून रोज थोड्या पुढे सरकवाव्यात. गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी आणि मिस्सेहून परतल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाने बाळ येशूला तिच्यात निजवावे. पूर्वेकडून बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांना तर अजून निघायचेही नाही.

चांगुलपणाचा हिशेब ठेवणे

प्रत्येक सत्कृत्यासाठी गव्हाणीत पेंढ्याची एक काडी टाकण्याची रीत फार गोड आहे, पण 'ताईच्या दहा झाल्या, तुझ्या तीनच' असे म्हटले की ती बिघडते. काड्यांवर नावे नकोत, मोजणी नको, आणि भांडण झाले म्हणून टाकलेली काडी परत काढणे तर मुळीच नको. काडी टाकताना कारण सांगण्याची सक्ती करू नये. त्याच जातीची चूक म्हणजे 'सांता येणार नाही' ही धमकी. सांताची कल्पना ज्यांच्यावरून आली आणि ६ डिसेंबरला ज्यांचा सण येतो ते मायरा शहराचे बिशप संत निकोलस गरजूंना गुपचूप मदत करणारे म्हणून ख्यात आहेत. मुलांना त्यांची गोष्ट सांगावी आणि शक्य तर घरातूनही कोणाला तरी नाव न कळवता काहीतरी पोहोचवावे.

८ डिसेंबरचा गैरसमज

निष्कलंक गर्भसंभवाचा सण नाताळच्या आधी येतो म्हणून तो येशूच्या गर्भधारणेचा आहे, असे मुलांनाच नव्हे तर मोठ्यांनाही वाटते. तो मरियेविषयी आहे: आपल्या आईच्या, संत ॲनाच्या उदरी आल्या क्षणापासून मरिया मूळ पापापासून मुक्त होती, हे सत्य पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये सिद्धान्त म्हणून घोषित केले. येशूच्या गर्भधारणेचा दिवस २५ मार्च आहे, आणि तिथून डिसेंबरपर्यंतचे नऊ महिने मुलांना बोटांवर मोजता येतात.

प्रायश्चित्त संस्कार शेवटच्या दिवसांवर ढकलणे

करंज्या आणि केकची तयारी दोन आठवडे आधी सुरू होते आणि कन्फेशन मात्र २३ तारखेच्या लांब रांगेत उरकले जाते. रांगेत कंटाळलेल्या मुलाला मग पाठ केलेली तीन वाक्ये म्हणून मोकळे व्हावेसे वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातच चर्चमधील वेळ पाहून कुटुंबाने एकत्र जावे. आदल्या रात्री मुलासोबत शांतपणे बसून काही प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्याच्या मनातच राहू द्यावीत: शाळेत मी कोणाला एकटे पाडले का? आईबाबांशी खोटे बोललो का? रागावलो तेव्हा नंतर माफी मागितली का? त्याच्या पापांची यादी पालकांनी करून देऊ नये. 'हे फादरांना सांग बरं' असे इतरांसमोर म्हणू नये, आणि घरी आल्यावर काय सांगितले हे विचारू नये. जे गुपित धर्मगुरू प्राणांतीही फोडू शकत नाहीत, ते घरातल्यांनी उकरून काढणे मुलाच्या विश्वासाला तडा देते. मूल घाबरत असेल तर आधी आईने किंवा वडिलांनी जावे. त्यांना परत येताना पाहणे हीच त्याची तयारी होते.

२४ ची रात्र आणि त्यानंतर

लहान मुले मध्यरात्रीच्या मिस्सेत पेंगतात, हे गृहीत धरावे. दुपारी झोपवावे, स्वेटर सोबत घ्यावा, आणि तरीही जमत नसेल तर २५ च्या सकाळच्या मिस्सेला जावे. तीही पूर्ण नाताळची मिस्सा आहे. २४ डिसेंबर रविवारी येतो त्या वर्षी, म्हणजे २०२८ मध्ये, आगमनकाळाचा चौथा रविवार आणि नाताळ यांच्या मिस्सा वेगवेगळ्या असतात आणि एकीने दुसरीची पूर्तता होत नाही, हे आधीच ध्यानात ठेवून वेळा ठरवाव्यात.

फराळाची ताटे शेजारी पोहोचवताना मुलांना सोबत न्यावे. गोव्यात या रीतीला कोन्सुआद म्हणतात, आणि ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेले असते, तिथे फराळ केला जात नाही म्हणून शेजारी आवर्जून पाठवतात. ते ताट मुलाच्या हाती द्यावे.

नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. भारतात प्रभुप्रकटनाचा, म्हणजे तीन राजांच्या भेटीचा, सण २ ते ८ जानेवारीमधील रविवारी साजरा होतो, तर गोव्यात रेइश मागुश आणि चांदर यांसारख्या गावांत तीन राजांचे फेस्त ६ जानेवारीलाच असते. २५ डिसेंबरनंतर तीन राजांच्या मूर्ती घराच्या दुसऱ्या टोकापासून निघू द्याव्यात, त्या रविवारी गोठ्यात पोहोचवाव्यात, आणि शाळा सुरू झाली तरी बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत संध्याकाळची प्रार्थना गोठ्यासमोरच करावी.