केंद्रशाळेत शुद्धलेखन आणि शब्दसंपत्तीची स्पर्धा कशी घ्यावी

इंग्रजीच्या स्पर्धेत मूल एकेक अक्षर म्हणून शब्द सांगतं. मराठीत तो प्रकार जसाच्या तसा उचलला की स्पर्धा फसते. ‘बांगडा’ किंवा ‘नारळ’ ऐकून बहुतेक मुलं बरोबर लिहितात. अडतं ते ह्रस्व-दीर्घाशी, जोडाक्षरांशी आणि श-ष, न-ण, ल-ळ या जोड्यांशी. ह्रस्व-दीर्घ तर बोलताना कानाला नीट कळतही नाही. म्हणून मराठीची स्पर्धा मुळात लेखी ठेवावी आणि तोंडी फेरी प्रत्येक गटातल्या पहिल्या दहा मुलांपुरती घ्यावी. पुढची सगळी मापं एका केंद्रातल्या आठ-दहा शाळा आणि शंभरेक मुलं धरून दिली आहेत.

तारीख आणि वेळ

कोकणात पावसात व्हाळ-पऱ्या, म्हणजे ओढे-नाले, भरले की वाड्यांवरची मुलं पोचत नाहीत. गणपती आणि शिमगा हे दिवस तर सोडूनच द्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सोयीचा असतो. १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडाही त्यातच येतो. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, बक्षीस समारंभ करता येतो. स्पर्धा मात्र त्याआधीच उरकावी, कारण पुढे परीक्षांची धांदल सुरू होते. सिंधुदुर्गात या महिन्यांत गावोगावच्या जत्रा असतात. रात्रभर दशावतार पाहिलेलं मूल सकाळी वेलांटीकडे काय लक्ष देणार? तेव्हा तारीख ठरवण्याआधी आसपासच्या चार गावांच्या जत्रा विचारून घ्या. सुरुवात एसटीच्या वेळेवर बेतावी. साडेदहाला सुरू करून दीडपर्यंत संपवलं की लांबची मुलं दुपारच्या गाडीने परत जाऊ शकतात.

शब्दयादी

सगळी स्पर्धा या यादीवर उभी असते, म्हणून तयारीचा निम्मा वेळ इथेच घालवावा. गट तीन करा: तिसरी-चौथी, पाचवी ते सातवी, आठवी-नववी. धाकट्या गटाला १५० आणि बाकीच्या दोन गटांना प्रत्येकी ३०० शब्दांची यादी स्पर्धेच्या महिनाभर आधी शाळांना द्या. स्पर्धेतले २५ पैकी २० शब्द यादीतले असावेत आणि ५ बाहेरचे, पण त्याच नियमांत बसणारे. या पाच शब्दांवरून पाठांतर आणि समज यांतला फरक दिसतो.

आधार म्हणून मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम घ्यावेत. त्यांतले १४ नियम शासनाने १९६२मध्ये मान्य केले आणि १९७२मध्ये आणखी ४ वाढले. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या नियमात बसतो ते लिहा. नियम सांगता येत नसेल, तर तो शब्द काढून टाका.

सगळ्यांत उपयोगी पडतो तो उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा नियम. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागताच ह्रस्व: पूल–पुलावर, विहीर–विहिरीत, बहीण–बहिणीला, कोळीण–कोळिणीने, आमसूल–आमसुलाची. असे शब्द जोडीनेच द्या. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम शब्द याला अपवाद: गुण, गणित, मंदिर. तेही चार-पाच पेरावेत. शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, पण तत्सम शब्द समासात आधी आला की तो ह्रस्व होतो: गुरू पण गुरुपौर्णिमा, कवी पण कविसंमेलन. सिंधू आणि सिंधुदुर्ग ही जोडी तर मुलांच्या पत्त्यातच आहे.

ज्या शब्दांची दोन रूपं चालतात ते यादीत नकोत. आज्ञार्थात ‘पाहा’ आणि ‘पहा’ दोन्ही चालतात. ‘डोके’ आणि ‘डोकं’ यांचंही तसंच. असा एक शब्द राहिला तरी निकालाच्या वेळी पालक आणि परीक्षक तासभर वाद घालतात.

यादी टाइप करून घेताना ‘ऱ्य’ तपासा. जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरं विस्कटतात, म्हणून युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा. छापण्याआधी दोघांनी कागदावर वाचून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. यादीतच चूक असली तर शंभर मुलं ती चूक महिनाभर घोटतात.

शब्द सांगणारा

सगळ्या गटांना एकाच व्यक्तीने शब्द सांगावेत. पद्धत ठरलेली असावी: शब्द, मग वाक्यात उपयोग, मग पुन्हा शब्द, आणि लिहायला १५ सेकंद. एका शब्दाला साधारण ३५ सेकंद लागतात, म्हणजे २५ शब्द पंधरा मिनिटांत होतात. वाक्यं आधी लिहून ठेवा, आयत्या वेळी सुचलेलं वाक्य नको. ‘कोळी दर्यावर निघाले’ आणि ‘सह्याद्रीच्या दऱ्या धुक्याने भरल्या’ ही दोन वाक्यं घ्या. दर्या आणि दऱ्या यांत फरक रफाराचा. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो, ‘दऱ्या’त तो येत नाही. सांगणाऱ्याने हा फरक स्वच्छ उच्चारायचा, पण ‘विहीऽऽर’ असं ओढून उत्तर मात्र फोडायचं नाही. यासाठी आदल्या दिवशी सगळी यादी एकदा मोठ्याने वाचून सराव करावा.

पत्र्याच्या सभागृहात माइक लावू नका. आवाज घुमतो आणि त-थ, न-ण एकसारखे ऐकू येतात. त्यापेक्षा वर्गात ३०-३५ मुलं बसवा आणि मधोमध उभं राहून सांगा. पंखा बंद.

रायगडकडच्या आगरी-कोळी घरांत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. त्या मुलांना ‘पाणी’, ‘काळा’ लिहिताना जास्त विचार करावा लागतो. ती त्यांची चूक नाही, घरची बोली आहे. शाळांना यादी देताना अशा शब्दांचा वेगळा सराव सुचवा.

तपासणी

दुरेघी कागद द्या, राखीव धरून ११० प्रती काढा. वेलांटी ओळखणं सोपं, पहिली अक्षराआधी येते आणि दुसरी नंतर. उकारांचं तसं नसतं. मुलांच्या हातचे पहिला आणि दुसरा उकार सारखेच दिसतात. म्हणून सुरुवातीलाच फळ्यावर दोन्ही काढून दाखवा आणि सांगा: संशयास्पद उकार चूक धरला जाईल, गिरवलेला शब्दही चूक, पण खोडून शेजारी नीट लिहिलेला चालेल. पूर्ण शब्द बरोबर असेल तरच २ गुण, अर्धे गुण नाहीत. प्रत्येक कागद दोघांनी तपासावा, आणि परीक्षकाकडे स्वतःच्या शाळेचे कागद जाऊ नयेत. नावाऐवजी क्रमांक घातला की हे आपोआप जमतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना वेगळ्या खोलीत दुप्पट वेळ द्या.

शब्दसंपत्तीची फेरी

प्रत्येक गटातली पहिली दहा मुलं तोंडी फेरीत येतात. समान गुण मिळाले तर पाच जादा शब्द लिहायला द्या. तोंडी फेरीत शब्दाचं लेखन विचारायचं झालं, तर मुलाने ‘पहिली वेलांटी, दुसरा उकार’ असं म्हणून सांगावं. त्यापुढे समानार्थी, विरुद्धार्थी आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द. उत्तरपत्रिकेत सगळी मान्य उत्तरं आधी लिहून ठेवा: समुद्राला सागर, दर्या, रत्नाकर, अर्णव यांतलं कुठलंही चालतं.

एक फेरी इथल्या शब्दांची ठेवाच. तांडेल कोण? रापण कशाला म्हणतात? भरतीच्या उलट काय? खाजण, आगर, पडवी, तरवा यांचे अर्थ सांगा. मालवणीतल्या झील, चेडू, खंय, वांगडा या शब्दांना प्रमाण मराठीतले शब्द सांगा. लेखी फेरीत मागे पडणारं मच्छीमाराचं पोर इथे सगळ्यांच्या पुढे जातं. म्हणून या फेरीचे गुण एकूण गुणांत धरा.

बक्षिसाला ढाल नको, शब्दकोश किंवा गोष्टीची पुस्तकं द्या. निकालाआधी क्रमांक आणि नावांची चिठ्ठी फोडून प्रत्येक कागदावर मुलाचं नाव घाला आणि चुकलेल्या शब्दासमोर बरोबर रूप नि नियमाचा क्रमांक लिहून तो कागद मुलाला परत द्या. शंभर कागदांना चार शिक्षकांचा तासभर जातो. तेवढ्या वेळात मुलांना खाऊ द्या आणि बाहेर खेळू द्या.