चित्रकार होमरचं होडीचं चित्र घरच्या भिंतीवर लावायचंय? असं करा
अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर १९१० मध्ये वारला, त्यामुळं त्याच्या चित्रांवर आता कॉपीराइट नाही, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या साइटवर त्याचं 'की वेस्ट, हॉलिंग अँकर' (१९०३) हे नांगर उचलणाऱ्या होडीचं वॉटरकलर (जलरंगातलं चित्र) आहे, ते मोठ्या साइजमध्ये फुकट डाउनलोड होतं. ए३ आकाराच्या प्रिंटसाठी साधारण ३५०० बाय ५००० पिक्सेल पायजेत, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो अजिबात चालत नाही.

आता प्रिंट. तालुक्याला फ्लेक्सवाल्याकडं जाऊ नका भाऊ, ग्लॉसी कागदावर वॉटरकलर मरतोच! होमरनं होडीचं शीड अन् ऊन दाखवायला कोरा कागदच सोडलाय, अन् तो पांढरा जरा पिवळसर, मऊ दिसला तरच मजा. म्हणून नागपूर-अमरावतीच्या चांगल्या लॅबमध्ये मॅट आर्ट पेपर अन् पिगमेंट इंक (लवकर न उडणारी शाई) मागा, आधी छोटा तुकडा काढून निळा रंग बघा, तो जांभळा पडला तर दुरुस्त करायला सांगा.

फ्रेममध्ये माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावाच, काच कागदाला चिकटली की पावसाळ्यात डाग पडतात. पश्चिमेची भिंत नको, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन रंग खातं. मातीची भिंत असेल तर फ्रेमच्या मागं बुचाचे तुकडे लावून थोडी जागा सोडा, अन् उधई लागली का ते अधूनमधून बघत जा.