टिफब्लेअर गवत: फार लाड केले की बिघडतं

सेंटिपीड या लॉनच्या गवताचा रंग मुळातच फिकट, हिरव्या सफरचंदासारखा. घोळ इथूनच सुरू होतो. शेजारच्या गर्द हिरव्या लॉनकडे बघून आपल्याला वाटतं, आपलं गवत उपाशी आहे, आणि खताची पिशवी फुटते. हे गवत १९१६ मध्ये चीनमधून अमेरिकेत गेलं. आम्लयुक्त, हलक्या जमिनीवर कमी खाऊन जगायची त्याची सवय. टिफब्लेअर ही त्याचीच थंडी जास्त सोसणारी जात, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तयार झालेली. थंडी सोसते म्हणून खतही सोसेल, असं मात्र नाही.

१०० चौरस मीटरला वर्षभरात साधारण अर्धा ते एक किलो नायट्रोजन पुरतं. हे वजन नायट्रोजनचं, पिशवीचं नव्हे. खतात १५ टक्के नायट्रोजन असेल तर अर्ध्या किलोसाठी सव्वातीन किलोच्या आसपास खत लागतं. याहून जास्त दिलं की वर्षभर लॉन झकास दिसतं. पण आत काडीकचऱ्याचा थर साचत जातो, गवत त्याच थरावर चढून वाढतं आणि एखाद्या वसंतात लॉनची मोठाली ठिगळं हिरवी होतच नाहीत.

असं का होतं? सेंटिपीडला जमिनीखालची खोडं नसतात. सगळा पसारा जमिनीवर गोमेसारख्या सरपटणाऱ्या खोडांवर. खोड मातीला चिकटलेलं असेल तर मातीची ऊब मिळते. कचऱ्याच्या गादीवर अधांतरी असेल तर गोठतं नाहीतर वाळतं. त्यात हे गवत हिवाळ्यात गाढ झोपत नाही. चार दिवस ऊन पडलं की कोंब काढतं आणि पुढच्या कडाक्यात ते कोंब जळतात. टिफब्लेअर इथे साध्या सेंटिपीडपेक्षा बरं, पण उन्हाळा सरताना नायट्रोजन दिलं तर तेही कोवळं राहून थंडीत सापडतं. त्यामुळे वसंतात लॉन पूर्ण हिरवं झाल्यावरच खत द्या, आणि उन्हाळा उतरणीला लागण्याआधी हात आवरा.

हिवाळ्यानंतर ठिगळ तपकिरी दिसलं म्हणून लगेच उपटू नका. तळहाताएवढा तुकडा मातीसकट कापून कुंडीत लावा, उबदार खिडकीत ठेवा, पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत कोंब आले तर लॉनही जिवंत आहे, थांबा.

पिवळेपणा ओळखण्यातही गल्लत होते. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी पडतंय. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नायट्रोजनचा संशय घ्या. लोहाची गोष्ट जमिनीच्या सामूशी (pH, म्हणजे जमीन किती आम्ल याचं माप) बांधलेली. या गवताला ५ ते ६ सामू मानवतो. त्यापुढे चढत गेला की मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. म्हणूनच माती न तपासता सामू चढवणारा चुना टाकणं ही माझ्या मते सगळ्यात महागातली चूक. टाकलेला चुना परत काढता येत नाही, आणि गंधकाने सामू उतरवायला महिने लागतात. फॉस्फरसचा मारा झाला तरी लोह अडतं. तातडीचा उपाय म्हणजे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट: १०० चौरस मीटरला साधारण ६० ग्रॅम, १५ लिटर पाण्यात. फरशीवर उडालं तर लगेच धुवा, गंजाचे डाग निघता निघत नाहीत.

बी पेरून लॉन करणाऱ्यांचा धीर दुसऱ्या आठवड्यात सुटतो. उगवायलाच दोन ते चार आठवडे जातात, आणि पहिल्या वर्षी तर गवत विरळच दिसतं. बी अगदी बारीक असल्याने वाळूत मिसळून फेका, खोल गाडू नका. पेरणी वसंताच्या अखेरीस, माती तापल्यावर. शरद ऋतूत पेरलेली रोपं पहिल्या थंडीतच जातात.

कापणी ४ ते ५ सेंटीमीटरवर ठेवा. तणनाशक घेताना लेबलावर सेंटिपीडचं नाव आहे का ते बघा. टू-फोर-डी (2,4-D) हे तणनाशक त्याला सहज बाधतं, त्यात गवत हिरवं होतानाच्या दिवसांत तर नकोच. खत आणि तणनाशक एकत्र असलेल्या पिशव्या मी दुकानातच ठेवीन.

आणि रोजच्या येण्याजाण्याची वाट या गवतावरून असेल तर कितीही निगा राखा, तो पट्टा उघडाच पडणार. तिथे सरळ फरशी टाका.