पेरूच्या फांदीची चालायची काठी, पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी

आमच्या नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, उजवा गुडघा दुखायला लागल्यापासून डॉक्टर काठी घ्या म्हणून सांगत होते. मेडिकलमधून ॲल्युमिनियमची घडीची काठी आणली, पण ती आठ दिवस दारामागेच उभी, नाना म्हणाले ती हातात धरली की हॉस्पिटलातून सुटून आल्यासारखं वाटतं. मग म्हटलं आपणच लाकडाची करू. मी काही सुतार नाही, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला करवत धरली तेवढीच, पण दोन काठ्या वाया घालवून तिसरी जमली आणि ती नाना रोज वापरतात, म्हणून जे कळलं ते सगळं लिहितेय.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, या काठीवर एक माणूस आपलं वजन टाकणार आहे. नक्षी सगळ्यात शेवटी. व्हिडिओ बघून आपण थेट सापाचं तोंड नाहीतर मोराची मान कोरायला बसतो आणि खालचं लाकूड चिरलेलं असतं. म्हणून आधी लाकूड, मग माप, मग मूठ, आणि मग जमेल तेवढं कोरीवकाम.

लाकूड कुठलं घ्यायचं? लहानपणी बेचकी कशाची करायचो आठवा, पेरूची. पेरूचं लाकूड चिवट, घट्ट, साल पातळ आणि फांदी हाताला गुळगुळीत. धामण मिळाली तर उत्तमच, कुऱ्हाडीच्या दांड्याला लोक उगाच नाही वापरत, वाकते पण तुटत नाही. बाभूळही मजबूत, पण कोरायला फार कडक, नवशिक्याचे हात भरून येतात. पांगारा घेऊ नका, सावंतवाडीची खेळणी त्याची होतात कारण तो हलका आणि मऊ असतो, आणि नेमकं म्हणूनच तो वजन पेलायच्या काठीला चालत नाही. ट्रेकला आपण कारवीची काठी उचलतो तीसुद्धा घाट उतरताना आधाराला ठीक, पण गुडघा गेलेल्या माणसानं सगळा भार टाकायचा तर नको. शेवगा तर नकोच नको, कट्कन मोडतो.

फांदी अंगठ्यापेक्षा चांगली जाड हवी, सालीसकट ३ सेंमीच्या आसपास, आणि मीटरभर तरी लांब, सरळ. मधे मोठी गाठ नको, गाठीपाशी रेषा वळतात आणि काठी तिथेच दगा देते. आणि हो, रस्त्यावरच्या किंवा सोसायटीतल्या झाडावर मनानं कोयता चालवू नका, शहरात फांद्या छाटायलाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यासाठी १९७५ चा कायदा आहे. मी सोसायटीची रीतसर छाटणी चालू होती तेव्हा खाली पडलेल्या फांद्यांतून निवडून आणली. गावाकडे घरचं पेरूचं झाड असेल तर प्रश्नच नाही. थंडीत तोडलेली बरी, पावसाळ्यातली फांदी पाण्यानं भरलेली असते, वाळताना बुरशीही धरते.

आता वाळवणं, इथेच माझी पहिली काठी गेली. मे महिन्यात गच्चीवर कडक उन्हात ठेवली, म्हटलं लवकर वाळेल, चार दिवसांत एका टोकापासून वीतभर भेग. लाकडाचं पाणी दोन्ही टोकांतून फार भराभर जातं आणि मधलं मागे राहतं, म्हणून टोकं फाटतात. करायचं असं की फांदी मापापेक्षा १०-१५ सेंमी जास्त ठेवायची, वाळेपर्यंत साल काढायची नाही, दोन्ही टोकांना ऑइल पेंट नाहीतर मेणबत्तीचं वितळलेलं मेण जाडसर लावायचं आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवायची. मी खिडकीच्या ग्रिलला तीन ठिकाणी सुतळीनं आवळून बांधली, त्यानं ती सरळही राहिली. जानेवारीत बांधलेली मे अखेरीस तयार झाली. वाळली की नाही हे कसं ओळखायचं तर किचनमधल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करून सालीवरच पेनानं लिहायचं, दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही की समजा झालं. खाली पिवळट भुकटी पडताना दिसली तर आत भुंगा लागलाय, ती फांदी सोडून द्या, दुसरी आणा.

वाळल्यावर थोडा बाक राहिलाच तर वाफ द्या, एक इंच जाडीला साधारण तासभर, मग गुडघ्यावर हळूहळू उलट्या बाजूला जरा जास्तच वाकवून, सरळ पाइपला बांधून दोन दिवस ठेवा. गावाकडे बांबूची काठी निखाऱ्यावर शेकून सरळ करतात त्यातलाच प्रकार. थोडासा बाक चालतो हो, दिसायलाही छान वाटतो, फक्त मूठ आणि खालचं टोक एका ओळंब्यात यायला हवं.

माप. ज्यांच्यासाठी काठी आहे त्यांना घरात किंवा बाहेर जी चप्पल घालून चालणार तीच घालून सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा, आणि मनगटाच्या आतल्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. काठीची वरपासून खालपर्यंतची उंची तेवढी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं दिसलं पाहिजे, १५-२० अंश. उंच झाली तर खांदा वर ओढला जातो, बुटकी झाली तर माणूस एका अंगाला झुकतो आणि कंबर धरते. नानांचं माप ८६ सेंमी आलं. यात मुठीची जाडीही आली आणि खालच्या रबरी बुटाचा तळही आला, तो सेंटिमीटरभर असतो. माझी दुसरी काठी मी मूठ बसवायच्या आधीच बरोबर मापात कापून बसले होते आणि मग हिशेबच चुकला. त्यामुळे खालचं टोक सगळ्यात शेवटी कापायचं, मूठ बसल्यावर, त्या माणसाला समोर उभं करून. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, नानांचा उजवा गुडघा म्हणून काठी डाव्या हातात, तर मूठही डाव्या हाताची हवी.

हत्यारं फार लागत नाहीत. बारीक दातांची करवत, एक छोटा चांगल्या पोलादाचा चाकू, अर्ध्या इंचाची पटाशी, लाकडाची खरबरीत कानस, ड्रिल, आणि पॉलिश पेपर ८०, १२०, २२० नंबरचा. पैसे वाचवायचे तर बाकी कशातही वाचवा, धार लावायच्या दगडात वाचवू नका. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो सटकतो आणि हातात घुसतो. दर अर्ध्या तासानं पाजळून घ्या, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-बारा वेळा उलटसुलट ओढा. कागद हवेत धरून चाकू फिरवला आणि आवाज न करता कापला गेला की धार आली.

मूठ वेगळी करून बसवणं नवशिक्याला सोपं. मी सुताराकडून सागवानाचा तुकडा आणला, १२ सेंमी लांब, ४ रुंद, ४ जाड. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीच्या दिशेनं हव्यात, आडव्या असतील तर मूठ मधेच तुटेल. आकार देण्याआधीच चौकोनी तुकड्याला खालून ८ मिमीचं भोक पाडून घ्या, २ सेंमी खोल, कारण गोल झाल्यावर तो शिकंज्यात नीट धरता येत नाही. भोक बरोबर मध्यावर नको, पुढच्या बाजूला जरा सरकवून, म्हणजे तळव्याचा मागचा भाग मुठीवर सपाट टेकतो. काठीच्या वरच्या टोकालाही सरळ ५ सेंमी भोक, मग ८ मिमीचा आट्यांचा रॉड कापून दोन भागांच्या ॲराल्डाईटनं दोन्हीकडे बसवायचा. नुसत्या फेव्हिकॉलवर विसंबू नका, लोखंड आणि लाकूड तो नीट धरत नाही. भोकाजवळ काठी चिरू नये म्हणून वरच्या टोकाला पितळी कडं घाला, मुसळाला साम असते ना तसंच. २४ तास हात लावायचा नाही.

मुठीला आकार देताना मी नानांना पाच-सहा वेळा तरी बोलावलं असेल. चार कोपरे पटाशीनं उडवले, कानशीनं गोल केलं, आणि दर वेळी ते धरून दहा पावलं चालायचे. एकदा म्हणाले, "अगं, इथे टोचतंय", अंगठ्याच्या मुळाशी. मला तर काहीच उंचवटा दिसत नव्हता. मग त्यांच्या तळव्याला खडूची पूड लावली, मूठ घट्ट धरायला सांगितलं, सोडल्यावर पाहिलं तर एकाच ठिकाणी पांढरा दाट ठिपका, बाकी मूठ जवळजवळ कोरी. तेवढंच घासलं, परत पूड, परत घासलं, चौथ्या खेपेला सगळा तळवा उमटला. यात अख्खी एक दुपार गेली, पण ती मूठ आता त्यांच्या हाताशिवाय कुणाच्याच हातात तशी बसत नाही. तुम्ही बाकी सगळ्यात घाई केली तरी चालेल, इथे करू नका.

आता कोरीवकाम. आधी वाया गेलेल्या तुकड्यावर दोन-तीन दिवस हात बसवा. काठी मांडीवर ठेवून चाकू मांडीकडे अजिबात चालवायचा नाही, मांडीत मोठी रक्तवाहिनी असते, टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं धरा आणि हाताच्या अंतरात लहान मूल येऊ देऊ नका. काप घेताना दोन प्रकार पुरतात. एक, उजव्या हातात चाकू आणि त्याच्या पात्याच्या पाठीला डाव्या अंगठ्यानं पुढे ढकलायचं, लहान लहान काप निघतात आणि ताबा राहतो. दुसरा, आधी पेन्सिलीच्या रेषेवर सरळ उभी चीर द्यायची, मग बाजूनं तिरका काप त्या चिरेपर्यंत न्यायचा, बारीक चिपटी आपोआप सुटून येते. उभी चीर न देता तिरका काप घेतला तर लाकूड रेषेनं फाटत पुढे जातं आणि पान अर्धवट उडतं. काप अडखळायला लागला की दिशा उलटी आहे, चाकू फिरवून दुसऱ्या बाजूनं घ्या.

नक्षी कसली? पहिल्यांदा वेल घ्या. अर्धा इंची मास्किंग टेप काठीला वरपासून तिरकी गुंडाळत या, दोन्ही कडांनी पेन्सिल फिरवा, टेप काढा, वेलीचा देठ तयार. टेपच्या बाहेरचं लाकूड दोन मिलिमीटर खाली उतरवलं की वेल वर उठून दिसते, मधे मधे चार पानं. खोली २-३ मिमीच्या पुढे नको. आणि उसाच्या पेराला असतं तसं काठीभोवती पूर्ण गोल वळं खोल कोरू नका, दिसतं सुंदर, पण सगळा ताण त्या एका वळ्यावर येतो आणि काठी बरोबर तिथेच मोडते. वेल तिरकी जाते म्हणून तिचा हा त्रास नाही. खालचा वीतभर भाग साधाच ठेवा, तिथे चिखल बसतो.

पॉलिश पेपर नेहमी रेषांच्या दिशेनं, ८० नंतर १२० नंतर २२०. मग ओल्या फडक्यानं एकदा पुसा, तंतू उभे राहतात, वाळल्यावर परत २२० फिरवा. फिनिशला मी जवसाचं तेल लावलं, पेंटच्या दुकानात बेलतेल मागितलं की मिळतं, पातळ हात, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढायचं, दिवसाआड असे चार हात. ते तेलकट फडकं मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं, बाहेर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. मुठीला चकचकीत व्हार्निश नको, घामट हात सटकतो.

शेवटी खालचं टोक कापा, कड जराशी गोल करा आणि काठी सोबत नेऊन मेडिकलमधून रबरी बूट बसवून आणा, १९ आणि २२ मिमीचे सहज मिळतात, घट्ट बसेल असाच घ्या. देण्याआधी स्वतः दोन्ही हातांनी पूर्ण वजन टाकून बघा, कान देऊन ऐका, कर्र असा बारीक आवाज आला तरी ती काठी द्यायची नाही. मग बाथरूमच्या ओल्या फरशीवर बूट सरकतो का बघा.

वर्षातून एकदा पावसाळ्याच्या आधी तेलाचा एक हात द्या, मुठीचा रॉड हलतोय का तपासा. बुटाच्या तळाच्या रेघा झिजून सपाट झाल्या की लगेच बदला, नानांच्या काठीला आता तिसरा बूट चालू आहे आणि दोन जादाचे मी टीव्हीखालच्या ड्रॉवरमधे आणून ठेवलेत.