परदेशी जाताना व्हिसा कसा निवडावा

सोलापुरातून परदेशी निघालेल्या ओळखीच्या मुलामुलींचे कागद अर्जापूर्वी एकदा नजरेखालून घालण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आपसूक आले आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न "कोणत्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो?" हाच असतो. या प्रश्नापासून सुरुवात केली की पुढचे सगळे गणित चुकत जाते. व्हिसा देशात शिरण्यापुरता नसतो. तिथे गेल्यावर काय करता येईल आणि काय करता येणार नाही, हे तो ठरवतो. पर्यटक म्हणून उतरलेल्याला नोकरी करता येत नाही, विद्यार्थ्याला सत्र चालू असताना पूर्णवेळ काम करता येत नाही, आणि नोकरीचा व्हिसा बहुधा एकाच मालकाशी बांधलेला असतो. म्हणून उतरल्यानंतरचे पहिले सहा महिने आपण नेमके काय करणार आहोत, हे आधी कागदावर एका वाक्यात लिहावे आणि ते वाक्य ज्या व्हिसाच्या अटींत बसते तोच व्हिसा पाहावा.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, पण तो घरात सहसा कोणी विचारत नाही: या व्हिसाची मुदत संपेल त्या दिवशी पुढचे कोणते दार उघडे असेल? ब्रिटनचे उदाहरण घ्या. तिथे पदवी पूर्ण केल्यावर नोकरी शोधण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. त्याची मुदत आजवर दोन वर्षे होती, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती अठरा महिन्यांवर येणार आहे. म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरात एका वर्षाच्या एम.एस्सी.ला बसणाऱ्या मुलीने दोन वर्षे धरून कर्जफेडीचा हिशेब मांडला, तर तो पहिल्या दिवसापासून चुकलेला असतो. अमेरिकेत अभ्यासक्रमानंतर बारा महिने आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित शाखेला आणखी चोवीस महिने काम करता येते. त्यानंतर मात्र नोकरीच्या एच-१बी व्हिसासाठी वर्षाला ८५,००० जागांची सोडत आहे, आणि सोडतीवर घर गहाण टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जर्मनीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अभियांत्रिकी झालेली आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत किंवा पुण्यात दोन-तीन वर्षे नोकरी केलेली मुले याच देशाबद्दल सर्वाधिक विचारतात. शिकायला जाणाऱ्यांना भारतीय पदव्या आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत का हे तपासणाऱ्या दिल्लीच्या एपीएस कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि ती तिथे गेल्यावर दरमहा हप्त्याने हाती येते. ज्याला पुन्हा शिकायचे नाही, नोकरीच शोधायची आहे, त्याच्यासाठी १ जून २०२४ पासून 'चान्सनकार्ट' हा वेगळा मार्ग खुला झाला आहे. आपल्याकडे मान्यता असलेली पदवी, जर्मनची ए१ (अगदी प्राथमिक) किंवा इंग्रजीची बी२ (चांगले बोलता-लिहिता येण्याइतकी) पातळी आणि राहण्या-खाण्याच्या खर्चाचा पुरावा ही पहिली पायरी. त्यानंतर सहा गुण जमवायचे. वय पस्तिशीच्या आत असेल तर दोन गुण, गेल्या पाच वर्षांत आपल्या शाखेतला दोन वर्षांचा अनुभव असेल तर दोन, जर्मनची ए२ पातळी असेल तर एक, आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रातली पदवी असेल तर आणखी एक. सत्तावीस वर्षांच्या मेकॅनिकल इंजिनिअरचे सहा गुण असे भरतात, आणि त्यातला ए२ चा गुण सोलापुरात बसून चार-सहा महिन्यांच्या नेटाच्या अभ्यासाने मिळवता येतो. या कार्डावर एक वर्ष राहता येते आणि आठवड्याला वीस तास काम करता येते. वर्षभरात नोकरी मिळाली नाही तर परतीची तयारी ठेवावी लागते, हे आईवडिलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

तिशीच्या आतल्यांसाठी सोडतीचे दोन व्हिसा आहेत, ज्यांच्याबद्दल एजंट फारसे बोलत नाहीत, कारण त्यांत त्यांना कमिशन नसते. ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स योजनेत १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांना दोन वर्षे राहून काम करता येते. वर्षाला ३,००० जागा असतात, सोडतीत नाव घालायला शुल्क नाही, पण खात्यावर २,५३० पौंड दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियाचा ४६२ क्रमांकाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा भारतीयांना २०२४ पासून खुला झाला. त्याच्या वर्षाला १,००० जागा आहेत आणि सोडतीचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. नाव लागले तर उत्तम, पण नोकरीचा राजीनामा निकालानंतरच द्यावा.

आखाताची वाट वेगळी. जो दहावी उत्तीर्ण नाही त्याच्या पासपोर्टवर ईसीआर हा शेरा येतो आणि ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला सरकारची परवानगी घ्यावी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पैसे देण्यापूर्वीच पाहावे. त्याला घेता येणारे सेवाशुल्क ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी इतकेच आहे. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे कंपनी बदलून देईल" असे कोणी म्हणाले की उठून यावे.

व्हिसा ठरला की कागद. गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ मुलाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर मांडत होते: दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर नाव आधी, आधारवर वडिलांचे नाव गळालेले, आणि पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा ठेवून तिन्ही नावे दुसऱ्याच रकान्यात कोंबलेली. आपल्याकडच्या तेलुगू आणि कन्नड घरांत तर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कुठे जोडीने येते, कुठे एकटे. अशा वेळी प्रतिज्ञापत्रांची चळत लावण्यापेक्षा पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा आणि बाकी सर्व अर्ज त्याच नावाने भरावेत. नाव बदलल्यावर पुन्हा पोलीस पडताळणी होऊ शकते, त्यामुळे हे काम सर्वांत आधी उरकावे.

पैशांच्या बाबतीत आकड्याइतकेच त्याच्या उगमाला महत्त्व असते. भिशी उचलली, मामांनी दिले, दागिने मोडले, आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात दहा लाख खात्यात पडले, तर अधिकाऱ्याला ती रक्कम उसनी वाटणे स्वाभाविक आहे. ब्रिटनसाठी तर पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात राहावी लागते. मध्ये एक दिवस जरी ती कमी झाली तरी मोजणी नव्याने सुरू होते. जमीन विकली असेल तर खरेदीखत, कर्ज असेल तर मंजुरीपत्र, नातेवाइकाने दिले असतील तर त्याचे पत्र आणि त्याचे खाते-उतारे जोडावेत. मराठीतल्या प्रत्येक कागदासोबत प्रमाणित इंग्रजी अनुवाद हवा.

बोटांचे ठसे आणि मुलाखतीसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ घेऊ नका. गाडी तासभर लेट झाली तर मुलाखत हुकते.

अर्ज नाकारला गेलाच तर नकाराचे पत्र शब्दशः वाचावे, त्यात सांगितलेली उणीव दूर झाल्याशिवाय तोच अर्ज पुन्हा टाकू नये, आणि पुढे कोणत्याही देशाच्या अर्जात "पूर्वी व्हिसा नाकारला होता का?" असे विचारले असेल तर "होय" असेच लिहावे. एजंट "नाही" लिहायला सांगेल. पण अर्जाखाली सही तुमची असते, त्याची नसते.