आवृत्ती तपासणारी स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी

निपाणी परिसरातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात उबुंटू या लिनक्स प्रणालीची २०.०४ आवृत्ती काढून २२.०४ बसवले आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी साधनांच्या आवृत्त्या तपासणाऱ्या माझ्या स्क्रिप्टने प्रत्येक संगणकावर ‘पायथन जुने आहे’ असा शेरा दिला. चार संगणकांवर पायथन पुन्हा बसवून झाल्यावर मी रेगेक्सने (मजकुरातून ठरावीक नमुन्याचा, म्हणजे पॅटर्नचा, भाग शोधणाऱ्या सूत्राने) उचललेला क्रमांक छापून पाहिला, तर तो ३.१ होता. प्रत्यक्षात पायथन ३.१०.१२ होते. माझा पॅटर्न ठिपक्यानंतरचा एकच अंक घेत होता आणि उबुंटू २०.०४ मधल्या ३.८ वर ही चूक दिसण्याचे कारणच नव्हते.

म्हणून पहिली तयारी हीच: कोणत्याही भागात एकाहून अधिक अंक येतील असे धरून शून्य ते नऊच्या चौकटी कंसानंतर अधिकचे चिन्ह द्यावे ([0-9]+, म्हणजे एक किंवा अधिक अंक), आणि ते ठिपक्याच्या अलीकडे व पलीकडे दोन्हीकडे आहे का, हे पुन्हा पाहावे. ठिपक्याआधी बॅकस्लॅश हवाच, नाहीतर ठिपका कोणत्याही अक्षराशी जुळतो. अंकांसाठी बॅकस्लॅश-डी (\d, ‘कोणताही अंक’ या अर्थाची खूण) मात्र टाळावा, कारण पायथन ३ मध्ये तो देवनागरी आणि कन्नड अंकांशीही जुळतो, आणि आपल्याकडे संगणकांची नोंद एक जण मराठीत तर दुसरा कन्नडमध्ये टाइप करतो.

पॅटर्न लिहिण्याआधी प्रत्येक साधनाचे खरे आउटपुट फाइलमध्ये घ्यावे. आठवणीवर विसंबू नये. उबुंटूवर जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरला आवृत्ती विचारली की पहिल्या ओळीत कंसात पॅकेजचा क्रमांक असतो आणि खरी आवृत्ती कंसानंतर येते, त्यामुळे दिसेल तो पहिला आकडा उचलणारा पॅटर्न तेथे केवळ योगायोगाने बरोबर ठरतो. विंडोजवरच्या गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) क्रमांकानंतर ‘विंडोज’ हा शब्द आणि आणखी एक आकडा असतो, म्हणून क्रमांकाशीच ओळ संपेल असे धरू नये. ‘जावा -व्हर्जन’चे उत्तर नेहमीच्या आउटपुटवर न येता स्टँडर्ड एररवर, म्हणजे त्रुटी-संदेशांच्या वेगळ्या प्रवाहावर येते; तो प्रवाह पकडला नाही तर हाती रिकामी ओळ लागते. शिवाय जावा ८ स्वतःला १.८ म्हणवते.

तुलना मजकूर म्हणून करू नये, कारण त्या क्रमात ३.१० हे ३.९ च्या आधी येते. दशांश संख्या म्हणून तर मुळीच नको, कारण ३.१० चे पुन्हा ३.१ होते. ठिपक्यांवर तोडून प्रत्येक भागाचा पूर्णांक करावा.

काहीच जुळले नाही तर ‘जुने’ म्हणू नये; मूळ ओळ छापून थांबावे. चाचणीचे नमुने सोबत ठेवावेत, आणि त्यांत ३.१० आहे ना, ते पाहावे.